दातात धरलेली काठी

"हार्डडिस्क गेलीय," इनामदार म्हणाला. तेही खुर्चीवर बसल्या बसल्या, हातातला चहाचा कप खाली न ठेवता.

मी नुकताच कॉम्प्युटर चालू करून त्याला आवाज ऐकवला होता. आधी साधी घरघर, मग पत्र्यावर नखं ओढावीत तशी खरखर. ती वाढत जायची आणि आठ-दहा मिनिटांत सगळं आपोआप बंद पडायचं. दसरा होऊन तीन दिवस झाले होते आणि तीन दिवस हेच चाललं होतं. इनामदार हा कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला मेकॅनिक, स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचा. त्यानं डबा उघडला नाही, वाकून बघितलंही नाही. सोमवारी येऊन उचलून नेतो म्हणाला, आतलं काही वाचेल याची खात्री देत नाही म्हणाला, आणि चहा चांगला झालाय असं आईला सांगून गेला.

आत काय होतं ते मलाच माहीत. एका क्लासच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका होत्या, दोन महिन्यांचं टायपिंग होतं. ते गेलं असतं तर मी पुन्हा केलं असतं, रडत-चिडत का होईना. पण आणखी एक कागद होता, एका पानाचा, आणि तो सोमवारी सकाळच्या आत छापून निघायला हवा होता. तो आण्णांचा राजीनामा होता.

आण्णा म्हणजे माझे वडील, यशवंत हावळ. इचलकरंजीत त्यांना यशवंत हावळ म्हणून कुणी ओळखलं नसतं. यशवंता जॉबर म्हटलं की घर दाखवायला चार माणसं पुढं यायची. यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. तीस वर्षं त्यांनी एकाच मालकाच्या शेडमध्ये चोवीस माग सांभाळले, आणि त्या चोवीस मागांनी मिळून त्यांचे दोन्ही कान खाल्ले. सुरुवातीला कमी ऐकू यायचं, मग फक्त ओरडलेलं ऐकू यायचं, आणि मी सांगतेय त्या वर्षी दारात फटाका वाजला तरी ते मान वळवत नव्हते. समोर उभं राहून बोललं की मात्र सगळं कळायचं. मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळं मागावरची माणसं ओठांवरून बोलणं वाचायला शिकतात. आमच्या घरात तर आम्ही भावंडंही लहानपणापासून तसं वाचायचो. अभ्यासाच्या वेळी न बोलता भांडायला त्याचा फार उपयोग व्हायचा.

थोरल्या मालकांना आण्णांच्या कानांचं काही वाटत नव्हतं. पण त्या वर्षी धाकटे मालक, राजवर्धन, कारभार बघायला लागले. एकदा त्यांनी एका व्यापाऱ्यासमोर आण्णांना पाठीमागून तीन हाका मारल्या आणि आण्णांनी वळून पाहिलं नाही. झालं. बहिरा जॉबर बिघाड काय ओळखणार, असं बोलणं सुरू झालं. माझा थोरला भाऊ संपत त्याच मालकांच्या ऑफिसात कारकून होता. त्याच्याच हाती निरोप आला की आण्णांनी स्वतःहून लिहून द्यावं, म्हणजे कुणाचाच अपमान नको.

तो कागद मी टाईप केला. 'माझी श्रवणशक्ती कमी झाल्याने मी कामास न्याय देऊ शकत नाही, सबब स्वखुशीने काम सोडत आहे.' संपतदादानं सांगितलं आणि मी बडवलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मनाची समजूत घालायला मी हुशार होते: वयाची छप्पन्न वर्षं झाली, आता विसावा घेऊ देत. आण्णांना दादानं कागदाबद्दल सांगितलं तेव्हा ते फक्त 'बघू' म्हणाले होते आणि जेवायला बसले होते.

तर इनामदार गेला त्या शनिवारी दुपारी आण्णा कामावरून आले, तेव्हा मी आणि दादा कॉम्प्युटरपुढं तोंड पाडून बसलो होतो. ज्या गावात भिंतीला पाठ टेकली तरी शेजारच्या शेडची खटखट हाडात उतरते, त्या गावात आम्ही एका डबड्याच्या आवाजानं हैराण झालो होतो. आण्णांनी आमची तोंडं बघितली, आईला खूण करून विचारलं, मग येऊन टेबलावर तळवा पसरला. हे टेबल म्हणजे आईच्या शिलाई मशीनचं. कॅबिनेट त्याच्या फळीवर उभं मावत नव्हतं म्हणून आम्ही ते आडवं झोपवलं होतं, हवेची जाळी वर करून.

"ह्यात कायतरी घासतंय," आण्णा म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळं त्यांचा आवाज नेहमी मोठा असायचा.

दादानं त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, की इनामदार बघून गेलाय, हार्डडिस्क गेलीय, तुम्ही नका काळजी करू.

"उघडून बघितलं काय त्यानं?"

"उघडायला लागत नाही आण्णा. आवाजावरनं कळतं."

आण्णा हसले. तोंड उघडून, खदखदून. मग म्हणाले, "आवाजावरनं कळतं, हे मला सांगतोयस व्हय?"

त्यांनी पेचकस आणायला सांगितलं. दादा उखडला. हा माग नाही, ह्यात नाजूक वस्तू असतात, एक तार हलली तर सगळं जाईल, असं बरंच काही त्यानं मोजून-मापून ओठ हलवत सांगितलं. आणि शेवटी जे बोलायला नको होतं ते बोलला.

"अहो, तुम्हाला आवाजच ऐकू येत नाही, तुम्ही काय शोधणार? आणि दुरुस्त होऊन करायचं काय, तुमचाच कागद काढायचाय ना त्यातनं?"

आई ओट्यापाशी थांबली. आण्णांनी टेबलावरचा तळवा उचलला नाही.

"कागद कुणाचाबी असू दे," ते म्हणाले. "मशीन वरडतंय. का वरडतंय ते बघायला नको?"

हे वाक्य मी पुढं किती जणांना ऐकवलंय याची गणती नाही. पण त्या क्षणी मला फक्त राग आला, आणि तो नेमका कुणाचा आला हेही कळलं नाही. इनामदाराचा आला, कप हातात धरून निकाल देणाऱ्याचा. दादाचा आला. सगळ्यात जास्त माझा आला. मी शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला आणि कॅबिनेटपुढं मांडी घातली.

"माले, ठेव ते," दादा म्हणाला. "उद्या प्रश्नपत्रिका गेल्या म्हणून माझ्यापुढं रडायचं नाही."

"नाही रडत. तुझ्यापुढं तर नाहीच," मी म्हणाले आणि पहिला स्क्रू सोडला.

झाकण निघाल्यावर मी आण्णांना जेवढं माहीत होतं तेवढं दाखवलं. हा मागचा पत्र्याचा डबा, यात करंट येतो, ह्याला हात लावायचा नाही. ही हार्डडिस्क, सगळं हिच्यात साठतं. हा मधला छोटा पंखा, खालच्या तुकड्याला गार ठेवतो. आण्णांनी शाळकरी पोरासारखी मान डोलावली. मग त्यांनी खिशातून त्यांची काठी काढली.

ती काठी आम्ही जन्मल्यापासून बघत होतो. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणारा लाकडी दांडा असतो, त्याचा वीतभर तुटका तुकडा. एका टोकाला तासून निमुळता केलेला, दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. आम्हाला वाटायचं, आण्णांना पेन्सिल चावण्यासारखी ही खोड आहे. आईही त्यावरून त्यांना बोलायची, उंदराचा जन्म आहे म्हणायची. चालू मागावर ते त्या काठीचं काय करतात हे आम्ही कधी उभं राहून बघितलंच नव्हतं. जेवणाचा डबा शेडच्या दारात द्यायचा आणि कानात बोटं घालून पळायचं, एवढीच आमची शेड.

"चालू कर," आण्णा म्हणाले.

मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आण्णा गुडघ्यांवर बसले, काठीचं जाड टोक दातात धरलं आणि निमुळतं टोक हार्डडिस्कवर अलगद टेकवलं. डोळे मिटले. आम्ही तिघं बघत राहिलो. पाच-सहा सेकंदांनी त्यांनी काठी उचलली आणि बोट हलवलं: ही नव्हे. मग पत्र्याच्या डब्याच्या बाहेरच्या कडेला टेकवली. पुन्हा बोट हललं. खरखर वाढायला लागली होती. दादा घड्याळ बघत होता. मग त्यांनी काठी मधल्या पंख्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर टेकवली आणि त्यांचे मिटलेले डोळे आणखी घट्ट झाले. मान फार बारीक, ठेक्यात हलायला लागली.

काठी तोंडातून काढून ते म्हणाले, "बंद कर. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका हाय. तुमची ती डिस्क बरी हाय. ती मुंगीगत चालतीय."

"तुम्हाला ऐकू आलं?" आईनं त्यांच्यासमोर येत विचारलं.

"कानानं कशाला? दातानं कळतं. डोक्याचं हाड काय बहिरं झालंय?"

मी वायर काढली. आण्णांनी पंखा बोटानं हळूच फिरवला. अर्ध्या फेऱ्यात तो अडला. आईनं तिच्या अंबाड्याचा आकडा काढून दिला. आण्णांनी तो पात्याच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत घातला, दोनदा खरवडलं आणि तळहातावर काहीतरी काढलं. मग पंख्याखालच्या जाळीतून आणखी दोन काढले. आम्ही सगळे वाकलो.

तांदळाचे तीन दाणे होते. लाल, कुंकवात माखलेले, गरमीनं कडकडीत वाळलेले.

कुणी काही बोलण्याआधी सगळ्यांना कळलं. खंडेनवमीला आण्णांनी घरातली हत्यारं पुजली होती. पाना, हातोडी, आईचं शिलाई मशीन, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच माझा कॉम्प्युटर. लेकीचं हत्यार म्हणून कौतुकानं झेंडूची माळ घातली होती, आणि जाळीवर नमस्कार करून चिमूटभर अक्षता टाकल्या होत्या. जाळी आडव्या डब्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे अक्षता थेट देवाच्या पोटात.

दादाला आपोआप वाट मिळाली. "म्हणजे तुम्हीच बिघडवलं," तो म्हणाला.

"व्हय," आण्णा म्हणाले. जराही न कचरता, तळहात तसाच पुढं धरून. "मीच बिघडवलं. आनि मीच काढलं. तुमच्या त्या इंजिनिअरानं बिघडवलं न्हवतं, पर काढलंबी न्हवतं. त्याला दोन कान हायत."

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. आता इतका कमी आवाज येत होता, की शेजारच्या शेडची खटखट पुन्हा ऐकू यायला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, बंद पडला नाही. आण्णा हात धुऊन आले, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काढ आता तो कागद."

मला वाटलं होतं की आता ते विसरतील, किंवा दादा तरी शरमेनं विषय काढणार नाही. पण त्यांनी स्वतःच मागितला. प्रिंटर कुरकुरत एक एक ओळ बाहेर ढकलत होता आणि प्रत्येक ओळीला मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. आण्णांनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"हे तू लिवलंस?"

मी मान हलवली. खोटं बोलता आलं असतं, मजकूर दादाचा होता. पण बोटं माझी होती.

"अक्षर ब्येस आलंय," ते म्हणाले. एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच रडले, दादापुढंच रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आण्णांनी रडू संपेपर्यंत वाट बघितली. मग कागद पालथा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता माझं लिव."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांचं बोलणं मी पुस्तकी केलं, पण एक शब्द पदरचा घातला नाही. 'मला ऐकू येत नाही हे खरे आहे. मागाचा बिघाड मला कळत नाही हे खोटे आहे. सोमवारी सकाळी आपण आपल्या मनाने चोवीसपैकी कोणत्याही एका मागात बिघाड करून ठेवावा. माग चालू असताना तो कुठला आणि त्यात काय बिघडले हे मी सांगेन. सांगता आले नाही तर हाच कागद माझा राजीनामा समजावा.'

दादा आता घाबरला होता, खरोखरच. तो वाईट नव्हता; त्याला ऑफिसातली खुर्ची होती आणि खुर्चीला मालक होता. तो आण्णांसमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, की मालकांना आव्हान देतात का कुणी, माझी नोकरी जाईल.

"तुझी नोकरी तू कर," आण्णा म्हणाले. "माझी मला करू दे."

त्यांनी सही केली. य पासून ळ पर्यंत, पूर्ण नाव.

सोमवारी ते मला सोबत घेऊन गेले. कागद तू लिहिलास, तूच दे, म्हणाले. राजवर्धन मालक माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी ऑफिसात उभ्यानं कागद वाचला, दादाकडं बघितलं, दादानं खाली बघितलं. मग ते हसले. पैज लावायला मिळाल्यावर माणूस हसतो तसे. अर्ध्या तासानं या म्हणाले, कागद खिशात घातला आणि स्वतः पाना घेऊन शेडमध्ये गेले.

अर्ध्या तासानं आम्ही आत गेलो. त्या दिवशी मी कानात बोटं घातली नाहीत. चोवीस मागांचा तो आवाज आधी छातीवर आदळतो, मग डोक्यात शिरतो, आणि मग कानांना काही काम उरत नाही. कामगार आपापल्या मागांवर होते, पण सगळ्यांचे डोळे आमच्याकडं. आण्णांनी खिशातून काठी काढली, दातात धरली आणि पहिल्या मागापासून सुरुवात केली. प्रत्येक मागाला दोन-तीन ठिकाणी टेकवायची, डोळे मिटायचे, पुढं जायचं. मी मागोमाग होते आणि माझ्या मागोमाग मालक. सातवा गेला, आठवा गेला, आणि मालकांच्या तोंडावरचं हसू काही हलेना.

अकराव्या मागाशी आण्णा थांबले. धोटा जिथं येऊन बसतो त्या पेटीला त्यांनी काठी लावली, मग खाली वाकून एका बोल्टवर बोट ठेवलं. मालकांना समोर बोलावून ते म्हणाले, "हा ढिला केलाय. पाना निसटलेला दिसतोय, ओरखडा ताजा हाय." मालकांचं हसू गेलं. त्यांनी मान हलवली. शेडच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी हात वर करून हलवला.

मला वाटलं संपलं. मी आण्णांची बाही ओढली. पण ते वळले नाहीत. काठी पुन्हा दातात धरून ते बाराव्या मागाकडं गेले, तेराव्याकडं गेले. मालकांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले, एकच बिघडवलाय असं ओठांनी सांगितलं. आण्णांना सांगायला मी पुढं गेले, तोवर ते अठराव्या मागाशी पोचले होते. तिथं त्यांनी काठी मुख्य दांड्याच्या बेरिंगवर टेकवली, आणि एका क्षणात तोंडातून काढून मागाची दांडी खेचली. माग थांबला. त्यावरची बाई चकित होऊन बघायला लागली, कापड ठीक होतं, धागा तुटला नव्हता.

आण्णांनी मालकांना खूण केली: हात लावा.

मालकांनी बेरिंगच्या टोपणावर बोटं टेकवली आणि चटका बसून झटकन मागं घेतली. ते बेरिंग आतून फुटायच्या बेतात होतं. फुटलं असतं तर दांडा मोडून कुठं गेला असता कोण जाणे, आणि ती बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

राजवर्धन मालक बोटं फुंकत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मी तो ब्लाऊजमध्ये खुपसला. ते आण्णांच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडले. आण्णांनी त्यांना खांद्याला धरून समोर उभं केलं आणि ओठांकडं बोट दाखवलं.

"बेरिंगचं हे ऐकू आलं तुम्हाला?" मालकांनी विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "तुम्हाला आलं व्हतं?"